हृदय प्रत्यारोपणानंतर महाधमनीच्या जोडाजवळ फुगवटा : सीटीचा हा अहवाल कसा समजून घ्यावा?

मलप्रभाकाठ (प्रश्न)

नमस्कार मंडळी. मी मूळचा खानापूर तालुक्यातला, नोकरीनिमित्त बेळगावात राहतो. माझ्या थोरल्या भावाचे, वय ५२, हृदय प्रत्यारोपण आठ महिन्यांपूर्वी बेंगळुरूमध्ये झाले. शस्त्रक्रियेनंतर पहिल्याच महिन्यात छातीच्या जखमेत जंतुसंसर्ग झाल्यामुळे जखम पुन्हा उघडून साफ करावी लागली आणि सहा आठवडे शिरेतून प्रतिजैविके द्यावी लागली. त्यानंतर मात्र प्रकृती सुधारत गेली आणि दिवाळीनंतर तर दादा रोज शेताच्या बांधापर्यंत चालत जाऊन येऊ लागले.

गेले पंधरा दिवस त्यांना संध्याकाळी कणकण येते. ताप शंभराच्या पुढे जात नाही, छातीत दुखत नाही, थोडा कोरडा खोकला आहे. इथल्या डॉक्टरांनी न्यूमोनियाच्या शंकेने छातीचा सीटी, कॉन्ट्रास्ट (रक्तवाहिन्या उठून दिसाव्यात म्हणून शिरेतून दिले जाणारे औषध) देऊन, करून घेतला. फुप्फुसे स्वच्छ निघाली, पण अहवालाच्या शेवटी असे लिहिले आहे की वर जाणाऱ्या महाधमनीच्या शिवणीजवळ सुमारे १४ मिलिमीटरचा फुगवटा व त्याशेजारी दाट पांढरा भाग दिसतो, तो शस्त्रक्रियेनंतरचा नेहमीचा बदल असू शकतो, परंतु स्यूडोअ‍ॅन्युरिझमची शक्यता नाकारता येत नाही.

हा शब्द आम्ही घरात पहिल्यांदाच ऐकला. प्रत्यारोपण केंद्रातील पुढची तपासणी बारा दिवसांनी आहे. तोवर थांबावे का? पुन्हा सीटी करायला सांगितल्यास त्यांची मूत्रपिंडे ते औषध सोसतील का, कारण क्रिएटिनिन (मूत्रपिंडांचे काम दाखवणारी रक्तचाचणी) १.७ आहे? आणि मुळात एकाच चित्रावरून दोन इतके वेगळे अर्थ कसे निघतात, हे कोणी मराठीत समजावून सांगू शकेल का? तिथे सारे इंग्रजी आणि कन्नडमध्ये बोलले जाते. मला दोन्ही येतात, पण वहिनींना आणि आईला सांगताना माझीच गडबड होते.

छायावाचक

मी याच भागात रेडिओलॉजिस्ट आहे. चित्रे न पाहता निदान सांगणे योग्य नव्हे आणि मी ते सांगणार नाही. पण आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर चित्रांविनाही देता येते. बारा दिवस थांबू नका. प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे चालू असलेल्या माणसाचा पंधरा दिवसांचा ताप, आधी झालेला छातीच्या हाडामागचा संसर्ग आणि आता शिवणीजवळ फुगवटा, या तीन गोष्टी एकत्र आल्या की प्रत्यारोपण केंद्राच्या समन्वयकांना त्याच दिवशी दूरध्वनी करायचा असतो. हा निरोप वाचताच करावा.

आता एका चित्राचे दोन अर्थ कसे निघतात ते पाहू. कन्नड वृत्तपत्रांत या शस्त्रक्रियेला ‘हृदय कसी’ म्हणतात हे आपण वाचले असेल. कसी म्हणजे आपले कलम. आंब्याचे कलम बांधले की सांध्यावर गाठ राहते, आणि ती गाठ म्हणजे रोग नव्हे. नव्या हृदयाची महाधमनी दादांच्या स्वतःच्या महाधमनीला गोलाकार शिवलेली असते. दोन्ही नळ्यांचा व्यास क्वचितच तंतोतंत जुळतो, त्यामुळे जोडावर पायरी किंवा घडी दिसते. शिवण फाटू नये म्हणून सर्जन कधी टेफ्लॉनच्या नमद्याच्या (दाबून केलेल्या जाड कापडाच्या) पट्ट्या किंवा छोटे तुकडे लावतात, आणि गंमत अशी की ते सीटीमध्ये पांढरे चमकतात, जवळजवळ कॉन्ट्रास्टसारखेच. शिवाय हृदय थांबवण्याचे औषध जिथून सोडले, शस्त्रक्रियेत हृदय-फुप्फुसांचे काम करणाऱ्या हार्ट-लंग यंत्राची नळी जिथे घातली, त्या जागाही नंतर टाके घालून बंद केलेल्या असतात आणि तिथे लहानसा उंचवटा राहू शकतो. जुन्या पद्धतीच्या शस्त्रक्रियेत दात्याच्या वरच्या महाशिरेचे टोक बांधून टाकलेले असते. ती बंद पिशवी पाहून नवखा वाचक दचकतो. हे सर्व निरुपद्रवी बदल आहेत.

स्यूडोअ‍ॅन्युरिझम ही वेगळी गोष्ट आहे. खऱ्या अ‍ॅन्युरिझममध्ये धमनीची भिंत ताणली जाते, पण तिचे तिन्ही थर शाबूत असतात. स्यूडो, म्हणजे आभासी प्रकारात भिंतीला छिद्र पडलेले असते, रक्त बाहेर आलेले असते आणि केवळ आजूबाजूच्या उतींनी व जुन्या रक्ताच्या गुठळीने ते अडवून धरलेले असते. तलावाचा बांध फुटला, पण समोर मातीचा ढिगारा होता म्हणून पाणी तिथे तुंबले, अशी ती अवस्था असते. प्रत्यारोपणानंतर ती क्वचितच होते. मात्र जेव्हा होते तेव्हा बहुधा शिवणीवर किंवा नळीच्या जागी होते, आणि तिच्यामागे जंतू किंवा बुरशी असण्याचा संशय धरूनच चालावे लागते.

दोहोंतला फरक ओळखायचा तर सीटी विशिष्ट पद्धतीने करावा लागतो. न्यूमोनियासाठी केलेल्या सीटीकडून ती अपेक्षा धरता येत नाही आणि त्यात तो करणाऱ्याची चूकही नाही. आधी कॉन्ट्रास्ट न देता एक फेरी घ्यायची. त्या फेरीतच जे पांढरे दिसते ते नमदे, तारा, टाके किंवा कॅल्शियम असते, गळती नव्हे. ही फेरी वगळली की पुढे कितीही उत्तम यंत्र असले तरी वाद मिटत नाही, आणि माझ्या अनुभवात सर्वाधिक वेळा वगळली जाते ती हीच फेरी. मग कॉन्ट्रास्ट धमनीत असताना दुसरी फेरी घ्यायची, तीही ईसीजीशी जुळवून, कारण महाधमनीचे मूळ प्रत्येक ठोक्याला हलते आणि न जुळवलेल्या चित्रात भिंत दुहेरी दिसून ती चिरल्याचा भास होऊ शकतो. त्यानंतर मिनिट-दीड मिनिटाने तिसरी फेरी घ्यायची. मंद गळती किंवा पिशवीत अडकून राहिलेले औषध त्या वेळी दिसते. अरुंद मान असलेली पिशवी महाधमनीबरोबर भरत असेल आणि नंतरही भरलेली राहत असेल, तर ती कलमाची गाठ नव्हे.

एक व्यावहारिक गोष्ट सांगतो. केंद्राकडे जाताना फिल्मचा गठ्ठा नेऊ नका, डायकॉम स्वरूपातील, म्हणजे मूळ डिजिटल चित्रांची, सीडी मागून घ्या. एक मिलिमीटरचे काप त्यातच असतात. आणि सर्वांत महत्त्वाचा कागद म्हणजे शस्त्रक्रियेची टिपणी. नळी कुठे घातली होती, नमदा लावला होता की नाही, हे तिच्यात लिहिलेले असते. ती हाती नसेल तर आमच्यासारख्यांना निम्मी वाट अंधारातच चालावी लागते. आधीचा एखादा सीटी असल्यास तोही न्या, कारण आठ महिने जसाच्या तसा राहिलेला फुगवटा आणि दोन महिन्यांत वाढलेला फुगवटा यांचा अर्थ एक नसतो.

निपाणीचा पाहुणा

मलप्रभाकाठ, मी डॉक्टर नाही, चार वर्षांपूर्वी हृदय मिळालेला रुग्ण आहे. (टोपणनाव त्यावरूनच घेतले आहे; पाहुणा आत राहतो, मी नव्हे, असे आमची मुलगी म्हणते.) वर डॉक्टरांनी जे सांगितले त्यात माझी भर घालण्याची योग्यता नाही, पण ‘दुर्मीळ गुंतागुंत’ हे शब्द वाचल्यावर घरात काय होते ते मला ठाऊक आहे, म्हणून लिहितो.

पहिल्या वार्षिक अँजिओग्राफीत माझ्या एका कोरोनरी धमनीतून थेट हृदयाच्या उजव्या कप्प्यात जाणारी बारीक वाट सापडली. त्याला फिस्टुला म्हणतात. शरीराकडून नवे हृदय नाकारण्याची प्रक्रिया चालू आहे का हे पाहण्यासाठी मानेतील शिरेतून चिमटा घालून हृदयाच्या आतल्या भिंतीचे कण वारंवार काढतात. माझी अशी बायोप्सी पहिल्या वर्षात चौदा वेळा झाली. चिमट्याने कधी एखादी सूक्ष्म धमनी तुटते आणि तिचे तोंड कप्प्यात उघडते. नवल म्हणजे इकोमध्ये कोणा तंत्रज्ञाला आधीच उजव्या कप्प्यात एक रंगीत धार दिसली होती, परंतु झडपेची गळती समजून ती सोडून दिली गेली. अँजिओग्राफी करणाऱ्या डॉक्टरांनी पडद्यावर दाखवले तेव्हा मला धूप जळताना धूर निघावा तसे काहीसे दिसले. चार वर्षांत काहीही उपचार करावा लागला नाही, दर वर्षी फक्त पाहतात. तेव्हा दुर्मीळ म्हणजे घातकच असे नव्हे. पण आपल्या दादांची बाब निराळी दिसते, ताप आहे. दूरध्वनी केलात का?

ठोका

हुबळीत हृदयरोगतज्ज्ञ म्हणून काम करते आणि प्रत्यारोपण झालेले काही रुग्ण पाठपुराव्यासाठी पाहते. छायावाचक यांच्या मताशी मी सहमत आहे, मात्र काही गोष्टी त्यांनी ओझरत्या सोडल्या आहेत.

मूत्रपिंडाचा प्रश्न आधी घेते, कारण या एका भीतीपोटी आवश्यक सीटी लांबलेले मी पाहिले आहेत. बावन्न वर्षांच्या पुरुषाचे क्रिएटिनिन १.७ म्हणजे गाळण्याची क्षमता, ईजीएफआर, साधारण ४८ होते. कॉन्ट्रास्टमुळे मूत्रपिंडांना इजा होण्याची खरी काळजी ३० च्या खाली आणि अचानक बिघडलेल्या मूत्रपिंडांत करावी लागते. प्रतिकारशक्ती दाबणारे टॅक्रोलिमस स्वतःच मूत्रपिंडांवर ताण आणते, त्यामुळे सावधगिरी हवीच: आदल्या दिवशी वेदनाशामक गोळ्या टाळाव्यात, शरीरात पाणी कमी पडू देऊ नये, टॅक्रोलिमसची पातळी पाहावी. परंतु महाधमनी फुटण्याची शंका एका पारड्यात असताना दुसऱ्या पारड्यात ४८ हा आकडा हलका आहे. खरोखरच कॉन्ट्रास्ट देता येत नसेल तर एमआरआयचा मार्ग असतो, आणि रक्तप्रवाहाची चित्रे गॅडोलिनियम या एमआरआयच्या कॉन्ट्रास्टशिवायही काढता येतात. मात्र त्याला वेळ लागतो आणि आजारी माणसाला अर्धा-पाऊण तास स्थिर पडून श्वास रोखत राहणे कठीण जाते.

दुसरे असे की ‘छातीत दुखत नाही’ यावर विसंबू नका. प्रत्यारोपणात हृदयाच्या नसा कापल्या जातात. त्यामुळेच आपल्या दादांची नाडी विश्रांतीतही ९० ते ११० असेल. आणि त्याच कारणाने हृदयाला रक्त कमी पडले तरी नेहमीची कळ सहसा येत नाही. काही रुग्णांत वर्षांनंतर काही नसा पुन्हा वाढतात, पण आठ महिन्यांत त्यांची आशा धरू नये. नाडी जलद असल्याचा सीटीलाही त्रास होतो, म्हणून वेगवान यंत्र असलेल्या ठिकाणीच तो करावा.

अन्ननलिकेतून करायच्या इकोबद्दल कोणी सांगेल, तेव्हा हे लक्षात ठेवा. झडपांसाठी ती तपासणी उत्तम आहे आणि महाधमनीचे मूळही छान दिसते. पण महाधमनीच्या वरच्या भागासमोर श्वासनलिका येते, हवेतून ध्वनिलहरी पलीकडे जात नाहीत आणि तिथे एक आंधळा पट्टा राहतो. हार्ट-लंग यंत्राची नळी घालण्याची जागा बहुतेक वेळा नेमकी त्याच पट्ट्यात असते. म्हणून ‘इको ठीक आहे’ या वाक्याने हा प्रश्न मिटत नाही.

पांढरा डाग संसर्गाचा आहे का, हे सीटी एकट्याने सांगू शकत नाही. पेट-सीटीचा, म्हणजे खुणेची साखर टोचून ती कुठे शोषली जाते हे पाहणाऱ्या तपासणीचा, उपयोग होतो, मात्र जखम पुन्हा उघडलेली असल्याने भरून येणाऱ्या उतीही काही महिने साखर शोषतात आणि चमकतात. वाचणाऱ्याला हा इतिहास आवर्जून सांगावा. त्या तपासणीआधी निरोगी हृदयस्नायूला साखरेपासून दूर ठेवण्यासाठी भात, भाकरी, फळे, चहातील साखर सारे बंद करून नंतर दीर्घ उपास करवतात. आपल्याकडे चहा तेवढा चालतो अशी समजूत असते आणि त्या एका कपाने चित्र वाया जाऊ शकते.

आता सर्वांत निकडीचे. रक्ताचे कल्चर (जंतू वाढवून ओळखण्याची तपासणी) घेतल्याशिवाय एकही नवीन प्रतिजैविक सुरू करू देऊ नका. चालू केले असेल तर तसे केंद्राला सांगा. बुरशीवरची व्होरिकोनॅझोलसारखी औषधे किंवा क्लॅरिथ्रोमायसिन दिल्यास टॅक्रोलिमसची पातळी झपाट्याने वर जाते. उलट, कोरडा खोकला आणि संध्याकाळचा ताप पाहून कोणी क्षयाचा उपचार सुरू केला तर रिफॅम्पिसिनमुळे ती पातळी इतकी खाली येते की हृदय नाकारले जाऊ शकते. आपल्या भागात हा धोका कल्पनेतला नाही.

निपाणीचा पाहुणा यांनी लिहिलेला फिस्टुला मीही अनेकदा पाहिला आहे. १९७३ च्या सुमारास स्टॅनफर्डमध्ये फिलिप केव्ह्ज यांनी शिरेतून बायोप्सीची पद्धत रूढ केली आणि तिच्यासोबत ही लहानशी खूणही आली. बहुतेक तसेच ठेवतात, काही आपोआप बंद होतात. वार्षिक अँजिओग्राफीत आम्ही खरे शोधतो ते वेगळेच असते: नव्या हृदयाच्या धमन्या आतून सर्व बाजूंनी सारख्या जाड होत जाणे. तो आजार दुर्मीळ नाही, आणि साध्या अँजिओग्राफीत फसवतो, कारण तिथे पोकळीची केवळ सावली दिसते आणि सगळीच नळी अरुंद झाली तर तुलनेला निरोगी भाग उरत नाही. धमनीच्या आत ध्वनिलहरींचा सूक्ष्म प्रोब घालून पहिल्या वर्षात आतला थर अर्धा मिलिमीटर वा अधिक वाढला आहे का, हे म्हणूनच मोजतात. पण हा विषय आज आपल्यापुढचा नाही.

मलप्रभाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. छायावाचक यांचा निरोप वाचून त्याच संध्याकाळी केंद्राला दूरध्वनी केला. मी राणी चन्नम्मा एक्सप्रेसची तिकिटे काढण्याच्या तयारीत होतो. समन्वयक म्हणाल्या, रेल्वे नको, दोन स्थानकांच्या मध्ये काही झाले तर कोणी काही करू शकणार नाही. रुग्णवाहिकेने रातोरात निघालो. प्रतिजैविकाच्या दोन गोळ्या दादांनी घेतल्या होत्या, तेही सांगितले. तिथल्या डॉक्टरांनी तरीही तीन वेगवेगळ्या वेळी रक्त घेतले.

ईसीजीशी जुळवलेला सीटी तीन फेऱ्यांत झाला. तो दाट पांढरा भाग पहिल्याच, औषध न दिलेल्या फेरीत दिसला, म्हणजे तो नमदाच होता. आम्ही सुटकेचा श्वास टाकला आणि तो अर्धा तासही टिकला नाही. शिवणीच्या वर, यंत्राची नळी घातली होती त्या ठिकाणी, ११ मिलिमीटरची पिशवी निघाली. तिची मान ३ मिलिमीटरची आहे आणि ती महाधमनीबरोबरच भरते. बेळगावच्या चित्रातला १४ मिलिमीटरचा फुगवटा म्हणजे नमदा, घडी आणि ही पिशवी यांची एकत्र छाया होती असे त्यांनी सांगितले. शस्त्रक्रियेनंतर सहाव्या आठवड्यात केलेल्या सीटीत ही पिशवी नव्हती. अन्ननलिकेतून केलेल्या इकोत ती दिसली नाही. ठोका मॅडमनी लिहिले होते तसेच झाले.

छायावाचक

पिशवी आणि छातीचे हाड यांच्यात अंतर किती आहे, ते अहवालात लिहिले आहे का? पुन्हा छाती उघडायची झाल्यास सर्जनांना आधी तेच हवे असते. पिशवी हाडाला चिकटलेली असेल तर करवत फिरताना ती फुटू शकते, म्हणून अशा वेळी जांघेतील धमनी व शिरेतून हार्ट-लंग यंत्र आधी जोडून मगच हाड उघडतात. कॅथेटरने प्लग बसवून छिद्र बुजवण्याचाही एक मार्ग असतो, आणि मान अरुंद असली तर तो मोहात पाडतो. पण संसर्ग असताना तिथे नवी परकी वस्तू ठेवणे सहसा टाळतात. कल्चरचा निकाल काय आला?

मलप्रभाकाठ

अंतर ४ मिलिमीटर लिहिले आहे. कल्चर काल संध्याकाळी आले. तीनपैकी दोन बाटल्यांत स्टॅफिलोकॉकस ऑरियस, पहिल्या महिन्यात जखमेत सापडलेला तोच जंतू. म्हणून प्लगचा विचार सोडून त्यांनी शस्त्रक्रियाच ठरवली आहे आणि आपण लिहिलेत तसे यंत्र जांघेतून आधी जोडणार आहेत. शिरेतून प्रतिजैविक चालू झाले, ताप उतरला आहे. क्रिएटिनिन सीटीनंतर दोन दिवसांनी १.८ होते, आज पुन्हा १.७ आहे.

वहिनींना मी बांधाची आणि मातीच्या ढिगाऱ्याची उपमा सांगितली. त्यांचे माहेर तलावाशेजारचे, लगेच समजले. त्यांनी एकच विचारले, ढिगारा काढल्यावर पाणी येणार नाही का? तोच प्रश्न मी सर्जनांना विचारला. त्यांनी कागदावर चित्र काढून दाखवले: रक्त आधी यंत्रातून वळवायचे, शरीर थंड करायचे, गरज भासल्यास प्रवाह काही मिनिटे थांबवायचा, मग पिशवी उघडून सडका भाग काढून तिथे ठिगळ शिवायचे. तो कागद वहिनींच्या पिशवीत आहे. शस्त्रक्रिया परवा सकाळी साडेसातला आहे.